ठाणावर बांधलेला घोडा व त्याची रोजची मोकळीक

शेलूबाजाराच्या आसपास घोडा हे आता शेतीचे जनावर राहिलेले नाही. वखर, डवरा ही बैलाची कामे, आणि त्यांतलीही पुष्कळशी ट्रॅक्टराने घेतली. २०१२ मध्ये सबंध देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ६.२५ लाख होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे ३.४ लाखांवर आली. तरीही लग्नाच्या वरातीस घोडी लागतेच, आणि हौसेने घोडे बाळगणारेही आहेत. अशा मालकांपाशी पैसा असतो, हौस असते, परंतु जागा नसते. सबब ते खेड्यातील शेतकऱ्याचा गोठा महिन्याच्या बोलीने मागतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला व शेलूबाजारास उतरण्याची सोय झाली, तेव्हापासून दूरच्या माणसासही आपले जनावर येथे आणून ठेवणे सोपे झाले आहे. हा जोडधंदा कोणी करू म्हणेल तर आमची ना नाही. पण तो बैल सांभाळण्याच्या रीतीने करू नये, एवढे सांगण्यासाठी हा लेख आहे.

ही गोष्ट आम्ही पुस्तकात प्रथम वाचली नाही. काही वर्षांमागे एका ओळखीच्या गृहस्थांनी वरातीची पांढरी घोडी आषाढात आमच्या गोठ्यात आणून बांधली. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत बहुतेक घरी लग्ने नसतात, म्हणजे घोडीस चार महिने काम नाही. मालक दोन वेळची चंदी ठरवून देऊन गेले. आम्ही ती इमानाने दिली. ठाण कोरडे ठेवले, रोज खरारा केला, आणि पाऊस असल्याने तिला बाहेर काढले नाही. चंदीचा हिशेब कारकुनी सवयीने पैशापर्यंत लिहिला. पण घोडी दिवसात किती पावले चालली, याला आमच्या वहीत रकाना नव्हता. श्रावणाच्या अखेरीस एके सकाळी ती पुढचे दोन्ही पाय पुढे रोवून, सारा भार मागच्या पायांवर घेऊन उभी असलेली दिसली. खूर हातास गरम लागत होते. पाऊल उचलावयास ती तयार होईना. पशुवैद्यांनी पाहताच सांगितले की, खुराच्या आतील नाजूक पडद्यांस सूज आली आहे. काम बंद आणि दाणा चालू, याचाच हा परिणाम. घोडी वाचली. त्या वर्षीच्या लग्नसराईत मात्र ती निघाली नाही. मालक आम्हांस एक शब्दही बोलले नाहीत, आणि तेच आम्हांस अधिक लागले.

आमची चूक कोठे झाली हे समजण्यास बैल व घोडा यांच्या पोटांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. बैलाच्या पोटाचे चार कप्पे. त्यांतील पहिल्याच कप्प्यात शंभर लिटरांहून अधिक चारा व पाणी मावते. तो भराभर खाऊन घेतो आणि मग बसून रवंथ करतो. म्हणून दावणीस बांधलेला, डोळे मिटून चघळणारा बैल खरोखर सुखात असतो. घोड्याचे जठर एकच, तेही लहान, सुमारे ८ ते १५ लिटरांचे. त्यास रवंथ नाही, पित्ताशय नाही, आणि त्याला ओकताही येत नाही. त्याच्या जठरात अम्ल अष्टौप्रहर पाझरत असते, मग पोटात चारा असो वा नसो. चारा चावताना सुटणारी लाळ हाच त्या अम्लावरचा उतारा. मोकळ्या रानातील घोडा दिवसरात्र मिळून १४ ते १८ तास, पाऊल पाऊल पुढे टाकीत, थोडे थोडे खात असतो. त्याचे शरीर त्याच चालीसाठी घडलेले आहे. सकाळी एक तोबरा, संध्याकाळी एक तोबरा आणि मधले दहा तास रिकामी गव्हाण, ही व्यवस्था माणसाच्या सोयीची असली तरी घोड्याच्या जठरात तिने व्रण पडतात.

पायांचेही तसेच. घोडा चालताना प्रत्येक पावलागणिक खूर किंचित पसरतो व आवळतो, आणि त्या दाबाने खुरातील रक्त वर ढकलले जाते. घोडा उभाच राहिला की हे काम मंदावते, व सकाळी पायांस खाली सूज दिसते. फिरविल्यावर ती उतरते. झोपेविषयी तर मोठाच गैरसमज आहे. घोडा उभ्याने झोपतो असे सर्व जण म्हणतात. तो उभ्याने डुलकी घेतो हे खरे. परंतु गाढ झोपेसाठी त्यास थोडा वेळ तरी आडवे व्हावेच लागते. ज्या घोड्याची दोरी आखूड आहे, किंवा ज्याचे ठाण ओले आहे, तो कित्येक दिवस आडवा होत नाही आणि अखेर उभ्या उभ्या गुडघ्यांवर कोसळतो. गुडघ्यांच्या पुढील बाजूस घासल्याचे व्रण दिसले तर आधी ठाणाकडे पाहावे.

गव्हाणीच्या कडेस दात लावून वारा ओढणे, किंवा एका पायावरून दुसऱ्यावर तासन् तास झुलत राहणे, या खोडी लोक जनावराच्या स्वभावावर घालतात व बाजारात किंमत पाडतात. आजच्या पशुशास्त्राचे मत असे की, कोंडून ठेवणे, चारा कमी व दाणा अधिक असणे, आणि सोबतीस दुसरा घोडा नसणे, यांतून या खोडी निघतात. एकदा लागली की खोड सहसा जात नाही. गळ्यास पट्टा आवळल्याने वारा ओढणे थांबलेले दिसते, पण कारण जागच्या जागी राहते.

कोणी म्हणेल की, मराठ्यांच्या पागांतही घोडे अगाडी-पिछाडी लावूनच बांधीत, त्यांचे काय बिघडले? उत्तर सोपे आहे. अगाडी-पिछाडी ही मुक्कामावरची बांधणी होती. उजाडताच त्या घोड्यास कित्येक कोसांची मजल मारावयाची असे. मजल गेली आणि दोरी तेवढी आमच्याकडे राहिली. आणि मुक्कामाच्या दिवसांविषयीही त्या काळचे राज्यकर्ते बेफिकीर नव्हते. १६७० च्या दशकात चिपळुणाकडील छावणीच्या अंमलदारांस शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आताच उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील, रयतेस उपद्रव देऊ नका, वैरणीपाशी दिवा-विस्तव सांभाळा, अशी त्यातील ताकीद आहे. पावसाळ्यात काम नसलेल्या घोड्याची काळजी ही मोठी गोष्ट आहे, हे त्यावरून दिसते.

आता मोकळीक द्यावयाची कोठे? आमच्याकडील काळी कपाशीची जमीन यासाठी अगदी वाईट. आर्द्रा-पुनर्वसूत तिच्यात घोड्याचा पाय ढोपरापर्यंत रुततो, सांध्यांस हिसके बसतात, आणि सदा ओल्या चिखलात राहून खुराच्या तळव्यातील त्रिकोणी मऊ भाग सडू लागतो. त्याचा वास काळा व घाण येतो. याउलट आपल्या सातबाऱ्यावर जो तुकडा पोटखराब म्हणून लिहिलेला असतो, तो बरड, मुरमाड, किंचित उताराचा माळ घोड्यास उत्तम. पाणी निथळून जाते, जमीन घट्ट असते, खूर आपोआप घासून नीट राहतात. कपाशी-सोयाबीनला कुचकामाची म्हणून ज्या जमिनीस आम्ही इतकी वर्षे नावे ठेवली, तिला या धंद्यात किंमत आहे. एका घोड्यास निदान अर्धा एकर, म्हणजे २० गुंठे, एवढी जागा असावी. ही जागा हिंडण्याची. एवढ्याच्या गवतावर घोडा जगेल असे समजू नये, वैरण वेगळी घातलीच पाहिजे.

गायरानाचा विचार येथे पुष्कळांच्या मनात येईल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २३ प्रमाणे मोफत चराईच्या जमिनीवर चारण्याचा हक्क त्या त्या गावच्याच गुरांना आहे. परगावच्या मालकाची घोडी पैसे घेऊन सांभाळावयाची आणि ती गावच्या ई-वर्ग जमिनीवर सोडावयाची, हे कायद्यास धरून नाही व शेजाऱ्यास रुचणारेही नाही. गायराने आधीच अतिक्रमणांनी किती उरली आहेत, हे ज्यांनी नोंदी पाहिल्या आहेत त्यांस विचारावे.

कुंपण काटेरी तारेचे नको. बैल तारेपाशी थांबतो. घोडा बिचकला की पळत सुटतो आणि छाती फाडून घेतो. बांबूच्या अगर बल्ल्यांच्या दोन-तीन आडव्या ओळी साडेचार फुटांपर्यंत असाव्यात. रोह्यांपासून पीक राखण्यासाठी आता पुष्कळ शेतांवर सौरशक्तीवरील झटका यंत्रे बसली आहेत. तीच येथे चालतात, मात्र तारेस पांढऱ्या चिंध्या बांधाव्या, म्हणजे घोड्यास तार दुरून दिसते. घरच्या विजेचा प्रवाह सरळ तारेत कधीही सोडू नये. त्याने माणसे मरतात. बिनकठड्याची विहीर, बाभळीचे काटे, गाजरगवत, आणि प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे या चारांची सोय आधी लावावी. शेततळ्यात उतरलेल्या घोड्याचा पाय अस्तरावरून घसरतो व तो आपला आपण बाहेर येऊ शकत नाही. शेजारी कपाशीवर फवारणी चालू असेल त्या दिवशी वाऱ्याची दिशा पाहून घोडा दुसरीकडे न्यावा.

पाऊस आला म्हणून घोडा आत बांधण्याची गरज नाही. भुरभुर पावसात तो खुशाल चरतो. मुसळधार लागली तर उभे राहण्यास मुरूम टाकून उंच केलेली, एका बाजूने उघडी पडवी असावी, आणि आत जावे की बाहेर राहावे हे घोड्यावर सोडावे. वैशाखात मात्र दुपारी सावली पाहिजे. तेव्हा पहाटे चार तास व सूर्यास्तानंतर रात्रभर असे वेळापत्रक बसते. भाद्रपद-आश्विनात मोठ्या चावऱ्या माशा उन्हात फार असतात. त्यांच्या चाव्यातून सर्रा हा रक्ताचा रोग पसरतो: ताप येतो-जातो, पोटाखाली व पायांवर सूज चढते, आणि जनावर खात असूनही खंगत जाते. याला औषध आहे, पण वेळेत रक्त तपासले पाहिजे. पावसाळ्यात जखमांवर माशा बसून न भरणारे, खाजणारे फोड होतात, त्यांस बरसाती म्हणतात. माशीने सोडलेल्या सूक्ष्म जंतांमुळे ते होतात. माशांच्या या दिवसांत रात्रीची मोकळीक बरी, आणि लीद रोज उचलून दूर खड्ड्यात टाकणे हे औषधाहून स्वस्त.

जो घोडा महिनोगणती ठाणबंद राहिला आहे, त्यास पहिल्याच दिवशी सोडून देऊ नये. तो उधळतो, घसरतो, शिरा ताणून घेतो. प्रथम दोन-तीन दिवस हाती धरून कुंपणाच्या कडेने फिरवावे, म्हणजे त्यास हद्द कळते. मग अर्धा तास, मग एक तास, असे दहा-बारा दिवसांत पूर्ण वेळेवर यावे. सोडण्यापूर्वी पोटभर सुकी वैरण द्यावी. मृगाच्या पावसानंतरचा कोवळा लुसलुशीत चारा उपाशी पोटी एकदम मिळाला तर पोटशूळ, ज्यास जुने मोतद्दार कुरकुरी म्हणत, हटकून होतो. घोडा पुन्हा पुन्हा पोटाकडे पाहतो, जमीन उकरतो, लोळतो, लीद बंद होते. अशा वेळी घरगुती काढे पाजीत न बसता पशुवैद्यास बोलवावे. ओकता येत नसल्याने घोड्याचे पोट फाटू शकते, हे विसरू नये.

नवा घोडा जुन्यांत लगेच मिसळू नये. काही दिवस कुंपणाआडून एकमेकांस पाहू द्यावे, आणि प्रथम एकत्र सोडताना मागच्या पायांचे नाल काढलेले असावेत. दोन वळू एकत्र कधीच नकोत. घोडी एकटीच असेल तर तिच्या नजरेच्या टापूत दुसरे जनावर ठेवावे. आमच्याकडे एक म्हातारी शेळी हे काम करीत असे, व ते तिने फार गंभीरपणे केले.

वैरणीविषयी थोडक्यात. ३५० किलो वजनाच्या घोडीस दिवसास सुमारे ७ किलो सुकी वैरण लागते. ती चार-पाच वेळा विभागून द्यावी, व रात्रीचा वाटा मोठा असावा. पक्व ज्वारीचा सुका कडबा किंवा रानगवत चांगले. हिरवी ज्वारी उभ्या पिकात चारू नये. तिने घोड्यास मूत्राशयाचा विकार व मागच्या पायांस लुळेपणा येतो. सोयाबीनच्या कुटाराच्या काड्या राठ असतात व त्यात धूळ फार. ते घोड्याची मुख्य वैरण होऊ शकत नाही. बुरशी लागलेले काहीही बैलास चालले तरी घोड्यास देऊ नये, आणि खरे तर बैलासही देऊ नये. पाणी दिवसाला २५ ते ३० लिटर, उन्हाळ्यात याहून पुष्कळ अधिक. मीठ एक मूठभर नव्हे, सुमारे ३० ग्रॅम. चंदी ही कामाची मजुरी आहे. काम थांबले त्या दिवशी चंदी उतरवावी, आणि वैरण वाढवावी. आठवडाभर विसावा व भरपूर दाणा, आणि मग एकदम दौड, असे केल्यास कंबरेचे स्नायू आखडून लघवी कॉफीच्या रंगाची होते. हा प्रकार जिवावर बेततो.

धनुर्वाताची लस, जंतांचे औषध आणि सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर कापून घेणे, ही तीन कामे मालकाशी बोली करतानाच कोणाच्या खर्चाने व्हावयाची ते लिहून घ्यावे. नवीन जनावर दावणीस घेण्यापूर्वी ग्लँडर्स रोगाची रक्ततपासणी झालेली असावी. तो माणसासही होतो, आणि २००९ च्या कायद्याने तो कळविणे सक्तीचे आहे. सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेतून, अगर नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून घेऊन आलेला घोडा असेल तर निदान तीन आठवडे निराळा ठेवावा. बाजारात नाना ठिकाणची जनावरे एकत्र येतात. अवघड आजारात अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आपल्यास फार दूर नाही.

करार लेखीच करावा. त्यात घोड्याचा रंग, भोवरे, पायांवरील पांढरे यांची नोंद, छायाचित्र, विमा असल्यास त्याचा क्रमांक, आणि रोज किती तास मोकळे सोडणार ते स्पष्ट लिहावे. ही शेवटची अट मालक घालीत नाहीत. ती आपणच घालावी, आणि तिचाच मोबदला मागावा. छप्पर कोणीही देईल. वीस गुंठे मुरमाड मोकळी जमीन शहरातला माणूस देऊ शकत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, जनावरास अवाजवी आखूड दोरीने अवाजवी वेळ बांधणे हा गुन्हाच आहे. पण खटला होईल म्हणून नव्हे, तर घोडा आपल्या हाती दिलेला आहे म्हणून दोर लांब करावा.

रोजच्या वहीत आम्ही आता पाच रकाने ठेवतो: सोडण्याची वेळ, आणण्याची वेळ, लीद किती वेळा, पाणी, व आडवा होऊन झोपला की नाही. शेवटचे पाहण्यासाठी रात्री जागण्याचे कारण नाही; सकाळी अंगास लागलेली माती पाहिली म्हणजे कळते. घोडा विसाव्यात असताना नाडी मिनिटास २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतो. निरोगी असतानाच हे आकडे दोन-चार वेळा मोजून लिहून ठेवावे, म्हणजे बिघाड झाला तर ताडून पाहता येते.

ती पांढरी घोडी पुढल्या आषाढात पुन्हा आमच्याकडे आली. मालकांस दुसरी जागा मिळाली नव्हती, हे आम्ही जाणून आहोत. खुराची नवी भिंत वरून टाचेकडे व पुढे टोकापर्यंत वाढून यावयास नऊ महिने ते वर्ष लागते; तिच्या खुरांवर मागील श्रावणाची आडवी वळी स्पष्ट दिसत होती, आणि ती निम्म्याहून अधिक खाली उतरली होती. आम्ही चंदी जवळजवळ बंद केली, कडब्याची कुट्टी ओली करून दिली, आणि पोटखराबातल्या तुकड्यावर तिला दुसऱ्या एका घोडीसह सोडले. पहिले आठ दिवस ती दगड चुकवीत, जपून पाय टाकी. कार्तिकात वळी खुराच्या टोकाशी आली व नालबंदाने ती कापून टाकली. तुळशीचे लग्न होण्यापूर्वी तीन आठवडे रोज हाती धरून सडकेवर चालविले, मग जीन घातले, मग बाजेवाल्यांच्या सरावाच्या जागेजवळून नेले. वरातीत ती निघाली, पण मालकांनी आमच्या सांगण्यावरून रात्रीस एकच वरात घेतली, आणि डांबरी सडकेवर तिला नाचविले नाही. ती आजही चढावर पुढचा उजवा पाय किंचित राखून टाकते.

यंदा ज्येष्ठातच त्यांचा निरोप आला की, घोडी आणावयाची आहे, तुकडा मोकळा आहे ना. आम्ही कळविले की तुकडा मोकळा आहे, पण वरच्या बांधाकडील दोन बल्ल्या पडल्या आहेत. त्या बसवून होईपर्यंत चार दिवस थांबावे.